डोळा थोडा खाली आहे

लिएपायात वारा जन्माला येतो, असं इथली माणसं सांगतात.
म्हणजे मुलाखतीला निघताना विंचरलेले केस
हा मुळातच वाया गेलेला वेळ.
समोर रायटिस. माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाचा,
मोजे नारिंगी, मोज्यांवर बदकं.
विचारतो, पुढच्या नोकरीकडून
तुमच्या काय अपेक्षा आहेत, वेल्गा?

तोंडदेखलं म्हणते, नवी आव्हानं.
टेबलाखाली माझा उजवा बूट
डाव्या बुटावर पाय देतो.

सव्वीस वर्षं मी माशांच्या डब्यांची लेबलं काढली.
स्प्रॅट, हेरिंग, तेलातले, टोमॅटोतले,
आणि एका वाईट वर्षी मांजरांसाठीचे.
आव्हान म्हणाल तर आडव्या डब्यावर उभी लाट बसवायची
आणि त्याच लाटेत बारकोडला जागा सोडायची.
सोडली. दर वेळी सोडली.

मला उघडणारी खिडकी हवी.
हे आधी सांगते, कारण मागच्या ठिकाणी
खिडकीचं चित्र होतं.
मीच काढलेलं.

पगार ठरल्या तारखेला हवा
आणि तो मागताना आवाज बारीक करावा लागू नये.
आपण सगळे एक कुटुंब आहोत, हे वाक्य नको.
कुटुंब मला आहे. त्यात एक भाऊ आहे,
तो पैसे उसने नेतो आणि नाताळात घट्ट मिठी मारतो.

एकोणीस नमुने मागून
पहिलाच निवडणारा साहेब असला तरी चालेल,
फक्त उरलेल्या अठरांच्या रात्री
कुणाच्या खात्यातून गेल्या
एवढं त्याला ठाऊक असावं.

बक्षीस नको. एक आहे घरी, काचेचं, जड,
न्हाणीघराचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावून ठेवलंय.

आणि ओयार्स.
तो मागता येत नाही. मागच्या मार्चमध्ये गेला.
छापखाना तर नऊ वर्षांपूर्वीच गेला होता.
छापलेला ताव तो आधी नाकाशी धरायचा, मग डोळ्यांशी.
एकदा माझा निळा बघून म्हणाला,
हा खोटं बोलतोय.
दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.
तिसऱ्या दिवशी धक्क्यावर जाऊन समुद्र बघितला,
परत आले
आणि निळ्यात चिमूटभर तपकिरी टाकला.

त्यानंतरच्या सगळ्यांनी सांगितलं, छान, सुंदर, मस्त.
उभे अंगठे पाठवले, लाल हृदयं पाठवली.
नऊ वर्षं झाली, माझ्या रंगावर
मी एकटीच संशय घेतेय.

हे रायटिसला कसं सांगू?
त्याच्या फॉर्मवर अपेक्षांसाठी तीन ओळी आहेत.

तो टाइप करत राहतो. मी हाताला चाळा म्हणून
अर्जाच्या कडेला एक स्प्रॅट काढते.
शेपटी. पाठ. पोट.
खवले काढायचे नसतात,
खवले आहेत असं वाटेल इतपत पोट काढायचं असतं.
शेवटी डोळा.

टाइप करणं थांबतं.
टेबलापलीकडून, म्हणजे त्याला मासा उलटा दिसत असणार,
तो बघत बसतो. बराच वेळ.
मग कचरत, रागावू नका,
पण डोळा थोडा खाली आहे का?

मी कागद फिरवते.
लांब धरते.
जवळ आणते, अगदी नाकाशी, कशाला कोण जाणे,
बॉलपेनाला कसला आलाय वास.
आहे. खाली आहे. केसभर.

बॉलपेन खोडता येत नाही.
मी शेजारी दुसरा मासा काढायला घेते
आणि तो खुर्ची ओढून माझ्या बाजूला येतो.

बरं, मी म्हणते, आता पगाराचं बोलू.
आणि ती तुमच्या मागची खिडकी,
ती उघडते का?